डेव्हिडचं नाव कुणीच काढत नाही

महोदय,

‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्यूनरल’ (१९९४) या ब्रिटिश चित्रपटाचा विषय निघाला की प्रेक्षक ठरलेलं बोलतात. नायक झालेल्या ह्यू ग्रांटचं अडखळत बोलणं गोड, आणि शेवटी पावसात नायिकेच्या तोंडी घातलेलं वाक्य ओढूनताणून आणलेलं. दुसरं मलाही मान्य आहे. पण नायक चार्ल्सचा कर्णबधिर भाऊ डेव्हिड? त्याचं नावही कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. घरच्या प्रत्येक लग्नात तो पहिल्या रांगेत बसतो आणि सगळे हसले की मागाहून हसतो.

चित्रपटात चार्ल्सच्याच ऐन लग्नात डेव्हिड हातांनी बोलू लागतो आणि चार्ल्सला भर चर्चमध्ये, पाद्र्यासमोर, त्याचा अर्थ स्वतःच सांगावा लागतो: नवऱ्या मुलाचं प्रेम दुसरीवर आहे, असा याला संशय आहे. म्हणजे स्वतःबद्दलचंच! माझ्या भावाने तिथे रिमोट ओढून घेतला आणि तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. ही भूमिका करणारे डेव्हिड बोवर स्वतः कर्णबधिर आहेत, हे सांगितल्यावर त्याने पडद्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

आपल्या मराठी विनोदी चित्रपटांत असा भाऊ, असा मित्र कधी दिसेल? निदान वाहिन्यांनी मराठी चित्रपट मराठी सबटायटल्ससह दाखवावेत, एवढी कळकळीची विनंती.

– एक वाचक, मिरज