मिरजेच्या मिस्त्रींना, एका कडीबद्दल

मिस्त्री, नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता हे माहितीये, पण तुमचा धाकटा वाचून दाखवेल म्हणून लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "असू दे की ओ" म्हणून विषय बदलता, दोनदा झालंय असं.

सांगलीत घरात सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी मारून वाफेत घाम काढत बसायची लाकडी खोली, बांधतोय म्हटल्यावर लोक हसले, तेही बरोबरच होतं म्हणा. एप्रिलात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बस की, फुकटात होतंय, असं शेजारचे तात्या म्हणाले. पण मी तीन वर्षं फिनलंडात टाम्पेरेला नोकरीला होतो, तिथं रायापोर्त्ती नावाचा सार्वजनिक सौना आहे (Rajaportti असं लिहितात, पाटी वाचून मला पहिल्यांदा राजापूरच आठवलं), १९०६ पासून चालू आहे, तिथं जायची सवय लागली ती लागलीच. साधारण छप्पन लाख लोकांचा देश आणि सौना तीस लाखांच्या वर, तिकडं ते आपल्या न्हाणीघरासारखंच आहे, कुणाला त्याचं कौतुक नाही.

तुमच्या आधी ज्यांना काम दिलं त्यांचं नाव घेत नाही. ऑफिस चकाचक, कॉफी मिळाली, आणि प्रत्येक वाक्याला "सर, डोन्ट वरी". मी म्हटलं आतून प्लायवूड नको, तापलं की गोंदाचा वास सुटतो, तर म्हणे वॉटरप्रूफ प्लाय आहे सर. पाईनच्या फळ्या गाठींसकट मारल्या, हीटर चालू केला की गाठीतनं राळ पाझरायची आणि पाठीला चिकटायची. हीटरवर ठेवायचे दगड बाहेरनं कशाला मागवायचे म्हणून कृष्णेतले गोटे आणले, नदीच्या दगडात ओल मुरलेली असते, दुसऱ्याच दिवशी एक गोटा फटाक्यासारखा फुटला. भिंतीत उष्णता अडवायला रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, भरलं पण त्याच्यावर आतल्या बाजूनं ॲल्युमिनियमची फॉईल लावायचीच राहिली, म्हणजे सगळी वाफ भिंतीत आणि चौकटीत.

आणि दार. आत उघडणारं, वर आतनं कडी.

त्या संध्याकाळी बाबा आत होते. पंच्याहत्तर डिग्री असेल. दार फुगलं होतं, कडी सरकेना, मी बाहेरनं ढकलतोय आणि आतनं बाबांचा आवाज बारीक बारीक होत चाललाय. मेन स्विच पाडला, तात्यांनी आणि मी खांदे मारून दार तोडलं. पाचेक मिनिटं गेली असतील, पण अजून रात्री दचकून उठतो मी. बाबांना काही झालं नाही, फक्त एवढंच म्हणाले की आता मला त्यात बसायचं नाही. त्या सरांना फोन केला तर उत्तर काय, "लाकूड आहे सर, फुगणारच."

मग तुम्ही आलात. लूनावर, हत्यारांची पिशवी पायापाशी. आणि पहिलंच वाक्य, "हे असलं मी कधी केल्यालं न्हाई, तुम्ही काय बघितलंय ते सांगा." खरं सांगतो मिस्त्री, तिथंच मी निम्मा निर्धास्त झालो. टाम्पेरेचे फोटो तुम्ही चष्मा वर करून करून बघितलेत, फळीतला स्क्रू दिसत का नाही हे स्वतःच विचारलंत आणि स्वतःच म्हणालात, तापल्यालं लोखंड पाठीला लागंल म्हणून आत बुडिवलाय. मला येत नाही असं सरळ म्हणणारा माणूस हल्ली भेटतो कुठं, आणि भेटला तर कामात कसला चोख असतो.

पुढचं काय काय केलंत ते लिहीत बसत नाही, फॉईल काय, फळ्या काय, दीड महिना गेला. मला सांगायचंय ते शेवटच्या दिवसाचं.

दार तुम्ही बाहेर उघडणारं केलंत. "घाबरल्यालं माणूस ढकलतंय ओ, वडत न्हाई." कडी नाही, नुसता लाकडी गुटका, जरा रेटलं की सुटणारा. मला वाटलं झालं काम, हिशोब करू. तर तुम्ही बाबांना हाक मारलीत. हीटर बंदच होता. तुम्ही आत बाबांच्या शेजारी फळीवर बसलात, दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "आण्णा, ढकला." मग म्हणालात एका बोटानं. मग डोळे मिटून. मी बाहेर उभा राहून मोजत होतो, अकरा वेळा दार उघडलं, आणि शेवटी शेवटी तुम्ही दोघं आत पोरांसारखे हसत होता. मग ती जुनी कडी खिशातनं काढून बाबांच्या हातात दिलीत, "ही तुमच्याकडंच असू द्या."

हे कुठल्या कोटेशनमध्ये बसतं सांगा. त्या दिवसाची मजुरीसुद्धा घेतली नाहीत, म्हणे आज काम कुठं केलं.

पुढच्याच शनिवारी बाबा आपणहून टॉवेल घेऊन निघाले. खालच्या फळीवर बसतात, दहा मिनिटं, आणि बाहेर येताना दार मुद्दाम एका बोटानं उघडतात, मी बघतोय की नाही ते बघून. कडी त्यांच्या टेबलावर असते, पंख्यानं पेपर उडू नये म्हणून.

तेवढी मजुरी माझ्याकडं राहिलीय. येत्या शनिवारी सहाला या, गरम करून ठेवतो, बाबांनी भडंग आणून ठेवलंय.