रीमा लागू म्हणजे फक्त ‘सलमानची आई’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत हिंदी सिनेमातल्या आयांवरचा लेख वाचला. त्यात रीमा लागूंच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आहेत आणि दोन्ही ओळींत सलमान खानचं नाव आहे. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण १८ मे २०१७ला रीमाताई गेल्या तेव्हाही बहुतेक बातम्यांचा सूर ‘पडद्यावरची लाडकी आई हरपली’ एवढाच होता. ते तेव्हा खटकलं होतं, आता पुन्हा खटकलं, म्हणून लिहिते आहे.

आधी वयाचं बघू. त्यांचा जन्म जून १९५८चा. ‘कयामत से कयामत तक’ १९८८मध्ये आला, त्यात त्या जुही चावलाच्या आई होत्या. पुढच्याच वर्षी ‘मैंने प्यार किया’मध्ये सलमानच्या आई झाल्या. तिशी गाठली न गाठली तोच ही भूमिका कायमची चिकटली. १९९३च्या ‘गुमराह’मध्ये त्या श्रीदेवीच्या आई होत्या आणि श्रीदेवी त्यांच्याहून फक्त पाच वर्षांनी लहान. ‘वास्तव’मध्ये तर संजय दत्तच्या आई! त्याचा जन्म जुलै १९५९चा, म्हणजे मायलेकांत अंतर तेरा महिन्यांचं. त्यांच्या वयाच्या नटांना त्या काळात नायकाच्या भूमिका मिळत होत्या. हा सरळसरळ अन्याय होता आणि ‘लाडकी आई’ म्हणून आपण तो गोड करून घेतला आहे.

नाटकाबद्दल तर त्या लेखात चकार शब्द नाही. रीमाताई मूळच्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या रंगभूमीवरच्या नामवंत अभिनेत्री, शाळा पुण्याची हुजूरपागा. लहानपणी ‘बेबी नयन’ या नावानं त्यांनी सिनेमात कामंही केली होती. पुढे मुंबईत युनियन बँक ऑफ इंडियात त्यांनी सुमारे दहा वर्षं नोकरी केली. मी दुसऱ्या बँकेत होते, पण ते जग माझ्या चांगलं ओळखीचं आहे. काउंटर बंद झाला, लेजरची बेरीज जुळली की कँटीनमधली टेबलं भिंतीला लावायची आणि तालमीला उभं राहायचं. आंतरबँक स्पर्धा जवळ आल्या की शेवटची लोकल गाठताना धांदल उडायची. मराठी रंगभूमीला बँकांनी किती माणसं दिली यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं. रीमाताईंनी ही नोकरी सांभाळून व्यावसायिक नाटकं केली. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये नाना पाटेकरांसमोर त्या अंबिका होत्या, बलात्कारानंतर मोडून न पडणारी शिक्षिका. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही भूमिका करायला धाडस लागत होतं.

‘सविता दामोदर परांजपे’ हे त्यांचं नाटक मी शिवाजी मंदिरला पाहिलं. त्यात रीमाताई कुसुम होत्या, सविता नावाच्या मृत बाईनं झपाटलेली बायको. घरंदाज कुसुम साधं बोलता बोलता थांबायची, मान जराशी कलायची आणि पुढचं वाक्य सविताच्या आवाजात यायचं. ना वेश बदललेला, ना केस मोकळे सोडलेले. माझ्या शेजारच्या बाईंनी नकळत माझा हात घट्ट धरला होता. ज्यांनी ती कुसुम पाहिली त्यांना रीमा लागू ‘प्रेमळ आईच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध’ होत्या हे वाक्य पटणं शक्यच नाही.

आईच्या भूमिकांबद्दल बोलायचं तर तेही नीट बोलावं. ‘वास्तव’मध्ये रघू सोन्याची जाडजूड साखळी मिरवत घरी येतो तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, पण सगळे संजय दत्तकडे बघतात. पुढच्या वेळी आईचा चेहरा बघा. पोटच्या पोराचं कौतुक करावं की त्याला घाबरावं, हे तिचं तिलाच कळत नाही. शेवटी त्याच्याच विनवणीवरून ती त्याला गोळी घालते. (‘मदर इंडिया’त मुलावर गोळी झाडणारी आई संजय दत्तच्या खऱ्या आईनं, नर्गिसनं केली होती.) फिल्मफेअरसाठी रीमाताईंना चार वेळा सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. ‘वास्तव’साठी तरी मिळायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

छोट्या पडद्यावर त्यांना हिंदी सिनेमापेक्षा जास्त मोकळीक मिळाली. ‘श्रीमान श्रीमती’तली कोकी कुलकर्णी आणि ‘तू तू मैं मैं’मधली सासू देवकी या दोन्ही नव्वदच्या दशकातल्या. सुप्रिया पिळगावकरांच्या सुनेशी देवकीची जुंपली की आमच्या घरात सासूबाई आणि मी एकाच वेळी हसायचो. टायमिंग पक्कं, पण हशासाठी ओरडाआरडा कधी नाही. शेवटच्या काळात ‘नामकरण’ मालिकेत त्यांनी दयावंती मेहता ही खलप्रवृत्तीची आजी रंगवली. त्या गेल्या तेव्हाही ती मालिका चालू होती. साठीच्या उंबरठ्यावर, आयुष्यभराची गोड प्रतिमा बाजूला ठेवून, प्रेक्षकांनी राग राग करावा अशी भूमिका त्यांनी घेतली.

माझी विनंती एवढीच आहे. ‘पुरुष’ आणि ‘सविता’च्या प्रयोगांत काम केलेले कलाकार, प्रकाशयोजना आणि रंगभूषा सांभाळणारी मंडळी आता वयस्कर झाली आहेत. त्यांच्याशी बोलून आपण रीमाताईंच्या नाट्यकारकिर्दीवर सविस्तर लेख, जमल्यास लेखमाला, छापावी. प्रयोगाचं ध्वनिमुद्रण, जाहिरातींची कात्रणं, तालमीचे फोटो कुणाकडे असतील तर ते पाठवण्याचं आवाहनही वाचकांना करावं. माझ्याकडे ‘सविता’ची एक जुनी जाहिरात जपून ठेवलेली आहे, ती मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)