काशीचं तिकीट काढण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला पुणे-वाराणसी तिकिटाचा स्क्रीनशॉट पाहिला. माणशी दीड हजारांनी स्वस्त आहे, मान्य. पण त्या कंपनीत पगार थकलेत, विमानांचे मालक भाड्यासाठी मागे लागलेत, हे पेपरात वाचून तुम्हीच मला सांगितलं होतंत. मग तिकीट काढताना ते विसरायचं का?

विमान कंपनी बसते ती सांगून सवरून बसत नाही. गो फर्स्टने 2 मे 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी, ऐन उन्हाळी सुट्टीत, उड्डाणं बंद. आधी म्हणाले तीन दिवसांपुरतं. मग तारीख पुढे पुढे गेली, विमानं काही परत उडाली नाहीत, आणि जानेवारी 2025 मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. जेट एअरवेज तर किती जुनी, नावाजलेली! तिचंही 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेलं विमान शेवटचंच ठरलं.

उड्डाण रद्द झालं की पैसे परत, हा नियम आहेच. पण तिजोरीतच खडखडाट असेल तर नियम काय करणार? मग दावा दाखल करायचा. त्या रांगेत बँका आणि कामगार पुढे, आपण पार शेपटाला. शिवाय एक कंपनी बंद पडली की उरलेल्यांची भाडी चढतात. गो फर्स्टच्या वेळी लेह-श्रीनगरला हेच झालं. म्हणजे दीड हजार वाचवायचे आणि ऐनवेळी दुप्पट मोजायचे. तिकिटाचे पैसे बुडाले तर एकवेळ बुडू देत, तुम्ही दोघं परमुलखात अडकायला नको.

म्हणून, त्या कंपनीनेच जायचं असेल तर फक्त जायचं तिकीट काढू. ते रद्द झालं तर तुम्ही साताऱ्यात आपल्या घरीच असाल. येताना रद्द झालं तर काशीत बसून बीपीच्या गोळ्या किती उरल्या ते मोजावं लागेल. परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं, वेगळं काढायचं, महाग पडलं तरी.

आणि बाबा, स्टँडसमोरच्या एजंटकडे जाऊ नका. माणूस भला आहे, पण कंपनी बुडाली की तो म्हणणार, ‘वरून आले की देतो’. तुमचं यूपीआयही नको. कंपनीच्या साइटवरून माझ्या क्रेडिट कार्डावर काढू. उड्डाणच झालं नाही तर कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो. हमखास मिळेलच असं नाही, आणि त्याला मुदतही असते, म्हणून रद्दचा मेसेज आला की लगेच मला कळवा. पैशांऐवजी ‘पुढच्या प्रवासाला वापरा’ म्हणून कूपन देऊ लागले तर घेऊ नका. बुडत्या कंपनीचं कूपन म्हणजे रद्दी. बुकिंग करताना खाली विम्याची चौकट येते, तिच्यावरही भिस्त नको. विमान कंपनीचं दिवाळं बऱ्याच पॉलिसींत धरलेलंच नसतं.

आता आईसाठी. विमान रद्द झालंच तर म्हणून पुण्याहून काशीला जाणाऱ्या ज्ञानगंगा एक्स्प्रेसचं तिकीटही मी काढून ठेवते. गाडी आठवड्यातून एकदाच सुटते, तेव्हा जायची तारीख तिच्या वाराला धरूनच ठरवू. रेल्वेचं आरक्षण हल्ली 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच बसते लॅपटॉपवर. खालचा बर्थ मिळाला तर तुझ्या गुडघ्यांना बरं. विमान नक्की उडतंय असं दिसलं की वेळेत रद्द करू, थोडे पैसे कापतील, कापू देत. धर्मशाळेला मात्र सगळे पैसे आधी भरू नका, नुसतं नाव नोंदवून ठेवा.

शनिवारी रात्री फोन करते. दोघांची आधार कार्डं हाताशी ठेवा. बाबा, तुमच्या कार्डावर आजोबांचं नाव पूर्ण आहे की नुसतं अक्षर, तेवढं बघून ठेवा.

तुमची,
धाकटी