बायोटिनची चौकशी न करता दिलेल्या थायरॉईड रिपोर्टबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या लॅबच्या रिपोर्टमध्ये माझा टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन) ०.०२ आणि फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) ३.१ दाखवला आहे. खाली शेरा: 'हायपरथायरॉईडिझमची शक्यता', म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याची. मला ना धडधड, ना हाताला कंप, ना वजनात घट. मात्र केसांसाठी रोज १० मिलिग्रॅम बायोटिनची (एका जीवनसत्त्वाची) गोळी सुरू आहे आणि नमुना दिला त्या सकाळीही ती घेतली होती. रक्त घ्यायला आलेल्या कर्मचाऱ्याने 'उपाशी आहात ना?' एवढंच विचारलं. फॉर्मवर औषधांसाठी रकानाच नाही.

फोनवर उत्तर मिळालं की तोच नमुना त्याच मशीनवर पुन्हा लावला, आकडा तोच आला, शिवाय त्या दिवशीचं कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला, मशीन तपासायचा नमुना) पास होतं. माझा खरा आक्षेप या उत्तराला आहे. नमुन्यातलं बायोटिन दुसऱ्यांदा तपासल्याने कमी होत नाही, त्यामुळे चूक जशीच्या तशी परत येणारच. कंट्रोल पास झालं, तर मशीन ठीक आहे इतकंच कळतं. माझ्या नमुन्यात अडथळा आहे की नाही, ते कळत नाही.

आपली मशीन बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन) पद्धतीची आहे, असं आपल्याच तंत्रज्ञांनी सांगितलं. टीएसएचच्या चाचणीत हार्मोन दोन अँटिबॉडींमध्ये पकडलं जातं आणि ही जोडी बायोटिनच्या आधारे स्ट्रेप्टाव्हिडिनच्या कणांना चिकटते. रक्तात बायोटिन फार असेल तर तेच त्या जागा अडवून बसतं, धुताना जोडी वाहून जाते, सिग्नल घटतो आणि टीएसएच खोटा कमी येतो. फ्री टी४ची चाचणी स्पर्धेच्या तत्त्वावर चालते. तिथे सिग्नल कमी म्हणजे हार्मोन जास्त. एकाच कारणाने एक आकडा खाली, दुसरा वर, आणि चित्र हुबेहूब ग्रेव्ह्ज आजाराचं, म्हणजे थायरॉईड अति काम करण्याच्या आजाराचं! खात्रीसाठी याच पद्धतीने टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी (ग्रेव्ह्जची खूण) तपासली तर तीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. असा रुग्ण विनाकारण कार्बिमाझोलवर, म्हणजे थायरॉईड हार्मोन कमी करणाऱ्या औषधावर जाईल. बायोटिनमुळे लॅबचे निकाल चुकतात, हा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१७ मध्येच दिला आहे.

माझा उरलेला सीरम फ्रीजमध्ये असेल तर तो टाकू नका. बायोटिन न वापरणाऱ्या पद्धतीच्या मशीनवर लावा. टाकला असेल, तर मी गोळी तीन दिवस बंद ठेवून नवा नमुना देईन, त्याचे पैसे घेऊ नयेत. आधीचा रिपोर्ट लेखी रद्द करावा. किटच्या माहितीपत्रकात बायोटिनची मर्यादा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये छापलेली असते, ती मला कळवा.

फॉर्मवर दोन प्रश्न वाढवा: बायोटिन किंवा मल्टिव्हिटॅमिन शेवटचं कधी घेतलं, आणि थायरॉक्सिनची गोळी आज घेतली का? गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ वर असतो, तेही आज कुणी विचारत नाही. रिपोर्टवर चाचणीची पद्धतही छापा, म्हणजे डॉक्टरांना शंका घेता येईल.

सात दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली,
एक ग्राहक