कागदावर पास झालेली काच एकदा खिडकीतही तपासा

मा. गृहनिर्माण मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी इमारतींना काचा बसवतो. ऊर्जा वाचवणारी लेप दिलेली काच, म्हणजे आम्ही म्हणतो ती लो-ई, नकाशात दाखवली की परवानगीचं काम होतं. पुढे खिडकीत काय बसलं, ते कुणी पाहत नाही. त्यासाठीच हे पत्र.

एका कार्यालयात पश्चिमेच्या खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापायच्या, म्हणून मला बोलावलं. काच दुहेरी, बिलं चोख. मी आत उभा राहून लायटर पेटवला आणि तावदानाजवळ धरला. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, प्रत्येक पृष्ठभागाचं एक. ज्याचा रंग वेगळा, तिथे लेप. उन्हापासून वाचायचं तर लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा, म्हणजे आतून मोजताना तिसरी ज्योत वेगळी दिसायला हवी होती. वेगळी होती दुसरी. त्या बाजूच्या सगळ्या काचा उलट्या बसल्या होत्या! उन्हाची उष्णता आतली काच शोषत होती आणि खोलीत सोडत होती.

चूक कारागिराची, हे कबूल. पण त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं, आणि 'ही बाजू बाहेर' सांगणारं स्टिकर सोलून झालं होतं.

हा लेप डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तर घोळ होतो. त्यातला चांदीचा एकेक थर साधारण १०-१५ नॅनोमीटरचा. उन्हाच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. चांदी त्यातला बराचसा परतवते आणि उजेड आत येऊ देते. साध्या काचेची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्याचं प्रमाण, ०.८४, अशा लेपाची ०.०५ किंवा त्याहून कमी. त्यामुळे थंडीत खोलीची ऊबही सहज बाहेर जात नाही. पण चांदी हवेत आणि ओलाव्यात खराब होते. म्हणून हा लेप दोन काचांच्या मध्ये बंद ठेवतात आणि कडेचा लेप घासून काढतात, नाहीतर कडा बंद करणारं सीलंट नीट धरत नाही आणि ओलावा आत शिरतो.

अजूनही पुष्कळ लोक गडद काच म्हणजे थंड काच समजतात. गडद काच उष्णता शोषून स्वतः तापते, उजेड मात्र अडवते. मग भर दिवसा दिवे लावावे लागतात.

माझी मागणी मोठी नाही. परवानगीच्या अर्जात काचेचं यू-मूल्य (काचेतून उष्णता किती वेगाने आरपार जाते, त्याचा आकडा), उन्हाच्या उष्णतेचा किती वाटा आत येतो आणि उजेड किती येतो, हे तीन आकडे सक्तीचे करा. दोन काचांमधल्या पट्टीवर ते आणि लेपाची बाजू कायमची छापलेली असू द्या. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तुमच्या अभियंत्याने प्रत्येक बाजूच्या दोन-चार खिडक्यांवर ज्योत धरून पाहावी. एका खिडकीला एक मिनिटही लागत नाही. अभियंत्यांना हे शिकवायचं असेल, तर मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
काचकाम करणारा एक कारागीर