निविदेत डिबग फाइलची अट घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाण्याची पातळी, पाऊस, पंपाचा दाब मोजणारी उपकरणं आता शेतकरी संघटना आणि पंचायतीही विकत घेऊ लागल्या आहेत. करारात वॉरंटी असते, वार्षिक देखभाल असते. आतल्या प्रोग्रॅमची डिबग फाइल (दोष शोधायला लागणारी, प्रोग्रॅममधली नावं आणि ओळी सांगणारी फाइल) मात्र खरेदीदाराच्या हाती द्यावी, अशी अट मी पाहिलेल्या एकाही करारात नव्हती. ती असायलाच हवी.

माझे मामा गोव्यातल्या चोडण बेटावर खाजन शेती करतात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीवरची भातशेती. तिथल्या मानशीपाशी (बांधातल्या, भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी) एक पातळीमापक बसवला आहे. दगडावर रंगवलेली खूण म्हणजे शून्य; पाणी तिच्या वर असलं तर अधिक, खाली गेलं तर उणे, सगळं सेंटिमीटरमध्ये. पातळी ९० च्या वर गेली की शेतकऱ्यांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश जातो. गेल्या पावसाळ्यात हा संदेश ऐन ओहोटीला येऊ लागला. माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन बांधावर धावायची आणि पाणी खुणेच्या खाली बघून परतायची. पुढे पुढे संदेश कुणी उघडूनही बघेना. मला भीती वाटली ती याचीच. खारं पाणी शेतात शिरलं तर त्या हंगामाचं भात जातंच, शिवाय जमिनीतला खार उतरेपर्यंत शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

पुरवठादार म्हणत होता, ‘आमच्या ऑफिसात प्रोग्रॅम बरोबर चालतो.’ ते खरंच होतं. ऑफिसातला लॅपटॉप इंटेल जातीच्या प्रोसेसरचा, मापकात एआरएमचा. सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर, एकच; पण प्रत्येक प्रोसेसरसाठी त्यातून तयार होणारं बिल्ड वेगळं. मापकावरच दिसणारा दोष मापकावरच शोधावा लागतो.

त्याची सोय जुनी आणि फुकट आहे. मापकावर जीडीबीसर्व्हर हा छोटा प्रोग्रॅम चालवायचा आणि आपल्या लॅपटॉपवर अनेक प्रोसेसरांची भाषा जाणणारा जीडीबी हा दोष शोधायचा प्रोग्रॅम. मग फोंड्यात घरी बसूनही चोडणचा प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो. पण मला हवी ती ओळ सापडेना, कारण जागा वाचवण्यासाठी मापकावरच्या फाइलमधून फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची नावं काढून टाकली होती. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं आणि आकडी पत्ते. नावं काढण्यात गैर काही नाही. ती वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवता येतात. इथे ती फाइल मिळवण्यातच पावसाळा सरत आला. पुरवठादाराने आधी पाठवली ती दुसऱ्याच बिल्डची निघाली, बिल्ड-आयडी (त्या त्या बिल्डची ओळखखूण) जुळेना. जुळणारी आली आणि त्याच संध्याकाळी दोष हाती लागला.

ओहोटीची वेळ साधली. ब्रेकपॉइंटवर, म्हणजे ठरवलेल्या ओळीवर, प्रोग्रॅम थांबला की मोजणीही थांबते, म्हणून मामा फोन कानाला लावून मानशीवर उभे राहिले. सेन्सरकडून आलं होतं उणे ६, प्रोग्रॅम वाचत होता २५०. पातळी ‘कॅर’ या एका बाइटच्या प्रकारात ठेवली होती. त्याला उणे चिन्ह असावं की नसावं, हे सी भाषेने कंपायलरवर (सोर्समधून बिल्ड बनवणाऱ्या प्रोग्रॅमवर) सोडलं आहे. इंटेलच्या लिनक्सवर ते असतं, एआरएमच्या लिनक्सवर नसतं. एका बाइटमध्ये २५६ च आकडे मावतात, म्हणून उणे ६ चे झाले २५६ वजा ६, म्हणजे २५०. दुरुस्ती एका शब्दाची होती : ‘कॅर’च्या आधी ‘साइन्ड’.

संघटनांना आणि पंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक बिल्डसोबत, आणि पुढच्या प्रत्येक अपडेटसोबत, बिल्ड-आयडी जुळणारी डिबग फाइल घ्या आणि ती जुळते हे पाहिल्याशिवाय बिल चुकतं करू नका. ‘आमचं गुपित फुटेल’ असं कुणी म्हणालं, तर फाइल सीलबंद पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुरुस्तीपुरतीच उघडण्याचं लिहून द्या. मापकात सुरक्षित एसएसएच लॉगिनची (दुरून सांकेतिक जोडणीने आत शिरण्याची) सोयही मागा. जीडीबीसर्व्हर पासवर्ड विचारत नाही. तो इंटरनेटवर उघडा ठेवला तर मापक कुणाच्याही ताब्यात जाईल. एसएसएचमधूनच जोडावा, काम झालं की बंद करावा. आणि स्वीकृतीची चाचणी लॅपटॉपवर नको, बसवलेल्या मापकावर घ्या, तीही भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा.

आपली,
एक संगणक अभियंता, फोंडा