बेलमच्या गुहेत हात आवरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात पेन्ना नदीची घळ बघायला गंडीकोटाला गाडीने निघालेली मराठी कुटुंबं जोडीला आंध्रातल्या बेलमच्या गुहाही पाहतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे गुहा म्हटलं की कार्ले-अजिंठा आठवतं, पण ती कोरलेली लेणी. बेलम पाण्याने घडवलंय. आपल्या ओट्याचा काळा कडप्पा मूळचा त्याच मुलखातला, चुनखडीचाच दगड. त्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की पांढरट डाग पडतो, कारण आम्ल चुनखडी खातं. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरणारं पावसाचं पाणीही किंचित आम्लधर्मी असतं. त्याने लाखो वर्षं खडक झिजवून ३,२२९ मीटर लांबीचं हे जाळं केलं. त्यातला सुमारे दीड किलोमीटर पर्यटकांना खुला आहे.

विरघळलेली चुनखडी छतातून ठिबकताना कणाकणाने साचते आणि लवणस्तंभ होतात. ही वाढ वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे वीतभर स्तंभाला दोनेक हजार वर्षं. हाताचं तेल लागलं की पाणी तिथे नीट पसरत नाही, थर बसायचा थांबतो आणि डाग राहतो. बेलममधल्याच ‘सप्तस्वर’ दालनातले स्तंभ ठोकल्यावर वाजतात म्हणून जो तो टकटक करून पाहतो. कळकळीची विनंती आहे, ते वाजवू नका आणि मुलांनाही वाजवू देऊ नका. तुटलेला तुकडा परत जोडता येत नाही.

मुक्काम ताडिपत्रीला करावा. तिथून बेलम तीसेक किलोमीटर. वाटेत फरशी आणि सिमेंटचे ट्रक भेटतात, ओव्हरटेकची घाई करू नये. गुहा उघडताच आत शिरावं, दीड-दोन तास हाताशी ठेवावेत. ‘गुहा म्हणजे गारवा’ ही समजूत इथे पार चुकते. आत उकडतं, आणि हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. पातळ सुती कपडे, रबरी तळाचे बूट, माणशी पाण्याची बाटली आणि एक टॉर्च घ्यावा. वीज गेली तर मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये. गुहेतली सगळ्यात खोल जागा, पाताळगंगा, प्रवेशद्वाराच्या पातळीपासून ४६ मीटर खाली आहे. उतरताना काही वाटत नाही, दम लागतो तो परत चढताना, म्हणून दमेकऱ्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी अलीकडेच थांबावं. काही ठिकाणी छत एवढं बुटकं आहे की वाकूनच जावं लागतं. पाठीवरची सॅक गाडीतच ठेवा, ती छताला घासते.

जेवून दुपारी निघालात तर साठेक किलोमीटरवरच्या गंडीकोटाला ऊन उतरायच्या आत पोहोचता. पेन्ना नदीची घळ उजेडातच बघावी, अंधारात कड्याजवळ फिरू नये.

– एक वाचक, सोलापूर